आईची ट्रंक
सार्वकालिक, म्हणजे कधी न संपणाऱ्या जीवनावरचा एक लेख वाचला, त्यात म्हटलंय की ते जीवन मेल्यावर नाही तर आत्ताच सुरू होतं, बायबलमधलं योहान 17:3 पण तेच सांगतं, की देवाला ओळखणं हेच सार्वकालिक जीवन, एकदम पटलं. आम्ही खानापूरचे, इकडचा पाऊस तुम्हाला माहीतच असेल, आई गेल्यावर तिची ट्रंक उघडली तर इतकी वर्षं जपलेली इरकल साडी घडीघडीवर कसरीनं खाल्लेली, उचलली तसा हातात भुगाच आला ओ. मत्तय 6:19, पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तिथं कसर नि जंग खाऊन टाकतात, हे संडे स्कूलपासून तोंडपाठ, पण कळलं त्या दिवशी. जागेच्या वाटणीवरनं थोरल्या भावाशी 4 वर्षं बोलणं बंद होतं (चूक माझीपण होती). त्याच रात्री फोन लावला, तो नुसता म्हणाला, जेवलास का रे, आणि मला पुढं बोलताच येईना.