खुलासा करायचा नाही

श्रावण लागला आणि आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेली सूचना झळकली. गणपतीनिमित्त छायाचित्र स्पर्धा. विषय : एका छायाचित्रात संपूर्ण गोष्ट. खाली नियम होते. शीर्षक द्यायचं नाही, खाली ओळ लिहायची नाही आणि परीक्षकांपुढे किंवा इतरत्र खुलासा करायचा नाही.

आमच्या घराण्यात आजवर संपूर्ण गोष्ट कुणी एका बैठकीतही सांगितलेली नाही. आईला खानापूरला जाऊन आल्याची हकिकत विचारली, तर ती कुणाच्या तरी जुन्या लग्नातल्या मानपानापासून सुरू करते. गाडी बेळगाव सोडून देसूरला पोचते तोवर जेवणाची पानं वाढून होतात. त्यापुढचं इदलहोंड स्टेशन आम्ही कधी ऐकलेलंच नाही. अशा रक्ताच्या माणसानं ह्या स्पर्धेत पडू नये. पण भाचा पुण्याहून आला होता, त्याच्या गळ्यात कॅमेरा होता आणि त्याच्या मते मामात ‘नजर’ होती. मामीच्या मते मामात फक्त नजरच आहे, हात कधी हलत नाहीत. झालं, मी नाव दिलं.

भाच्यानं शिकवणी सुरू केली. पहिल्या संध्याकाळी त्यानं लॅपटॉपवर एक जगप्रसिद्ध फोटो दाखवला. १९३२ साल, पॅरिसच्या एका रेल्वे स्टेशनामागची जागा, साचलेलं पाणी आणि त्यावरून उडी मारणारा टोपीवाला माणूस. टाच पाण्याला टेकायला केसभर अंतर आहे. मागच्या भिंतीवर जाहिरातीचा कागद, त्यावर एक नर्तकीही तश्शीच झेपावलेली. आंरी कार्तिए-ब्रेसाँ नावाच्या फ्रेंच माणसानं कुंपणाच्या फळ्यांच्या फटीत भिंग घालून तो काढला. त्याला स्वतःला त्या फटीतून धड दिसतही नव्हतं म्हणे.

‘‘बघा मामा, आधी काय झालं, आता काय चाललंय, पुढं काय होणार, सगळं ह्यात आहे.’’

आई मागं येऊन उभी होती. ‘‘पडला काय रे तो?’’

‘‘आजी, ते दाखवायचं नसतं.’’

‘‘बूट भिजलं असतील की त्याचं. घरी बायको काय म्हणाली?’’

तो माणूस नव्वद वर्षं हवेत आहे आणि आई त्याच्यासाठी आठ दिवस अस्वस्थ होती. ‘‘त्या पॅरिसवाल्याचं काय झालं रे पुढं?’’ असं तिनं मला देवपूजेतही विचारलं.

भाचा मग म्हणाला, फ्रेममध्ये लेयर्स पाहिजेत. आईला हे एकदम पटलं. ‘‘मांड्याला असतात तसं,’’ ती म्हणाली. बेळगावच्या माणसाला पदर म्हटलं की मांडाच आठवणार. ह्या घरात फोटोची कला कळलेली पहिली व्यक्ती आईच, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं.

पाणी साचायला आमच्याकडे पॅरिसला जावं लागत नाही. पावसाळ्यात बेळगाव म्हणजे आभाळाला लागलेली गळतीच. गल्लीच्या तोंडाशी एक भरदार डबकं होतं. भाच्यानं बजावलं, ‘‘शटर पाचशेवर ठेवलंय, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. हात लावू नका. कोण उडी मारतंय बघा आणि दाबा.’’ मी छत्री मानेत धरून डबक्यापाशी उभा राहिलो.

उडी कुणीही मारली नाही. बेळगावकर डबक्यावरून उडी मारत नाही. तो थांबतो, डबक्याकडं बघतो, मग डबक्याकडं बघणाऱ्याकडं बघतो.

‘‘काय पडलंय ओ?’’

‘‘काही नाही.’’

‘‘मग काय बघालाय?’’

पाच मिनिटांत सातजण जमले. भाजीची बुट्टी डोक्यावर घेतलेल्या बाईनं ‘‘एन बिद्दैत्री?’’ म्हणून कानडीत चौकशी केली, कुणीतरी ‘‘किल्ली असंल’’ म्हणालं आणि त्या क्षणापासून डबक्यात किल्ली होती. एका सज्जनानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत पाय घातला. हीच माझी गोष्ट, असं वाटून मी कॅमेरा डोळ्याला लावला, तर सगळे सरळ झाले. हात मांडीला चिकटले, हनुवट्या वर, चेहऱ्यावर काही म्हणून भाव नाही. आमच्या भागात कॅमेरा दिसला की माणसाचं आधार कार्ड होतं. डबक्यातला सज्जनसुद्धा घोटाभर पाण्यात सावधान उभा राहिला. फोटो काढून घेऊन तो म्हणाला, ‘‘व्हॉट्सअ‍ॅपला पाठवा,’’ आणि पुन्हा किल्ली शोधू लागला. त्याला पाच रुपयाचं नाणं सापडलं. ते माझं नाही हे सांगूनही त्यानं ते मला दिलं.

दुसऱ्या दिवशी खडेबाजार आणि गणपत गल्ली. तिथं गोष्टी शेकड्यानं आहेत, पण गर्दी इतकी की एक गोष्ट दुसरीच्या अंगावरून जाते. त्यावरही भाच्याकडं दाखला होता. १८३८ साली दागेर नावाच्या माणसानं पॅरिसच्याच एका वाहत्या रस्त्याचा फोटो घेतला. तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची. चालणारी माणसं, गाड्या, घोडे काहीच उमटलं नाही. रस्ता ओस. फक्त एक माणूस बुटाला पॉलिश करून घेत थांबला होता, तेवढा राहिला. मी मनातल्या मनात तो कॅमेरा गणपत गल्लीत लावून पाहिला. चतुर्थीची सगळी खरेदी, ओरडा, फुलवाल्या, स्कूटरी पुसून गेल्या असत्या आणि रस्त्याच्या मधोमध बसलेली गाय तेवढी उमटली असती. तीच एक इथं पुरेसा वेळ थांबते.

खडेबाजारात निराळी पंचाईत. चौकट कितीही नीट धरा, मागं पाटी येते. सीमाभागात फोटोमागं पाटी आली की समोरचा माणूस बाजूला राहतो आणि गोष्ट पाटीची होते. ती कुठल्या भाषेत, वर कुठली, खाली कुठली, अक्षरं कुणाची मोठी. ही गोष्ट १९५६ साली सुरू झाली आणि २००४ पासून ती सर्वोच्च न्यायालयात आहे. स्पर्धेला शेवट असलेली गोष्ट हवी होती. मी कॅमेरा खाली केला आणि समोरच्या दुकानातून पाव किलो कुंदा बांधून घेतला.

खरं तर आम्हा बेळगावकरांना ही विद्या नवीन नाही. आमची शिवजयंती वैशाखात, तिथीप्रमाणं. चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते आणि रथावर सजीव देखावे असतात, म्हणजे जिवंत माणसांचा फोटोच. सातवीत असताना मी सय्यद बंडा होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर अफझलखानाचा वध, महाराजांवर वार करायला माझा तलवारीचा हात वर आणि तो हात छाटायला जिवा महाला तयार. चौक आला की पडदा उघडायचा आणि आम्ही थिजायचं. पहिल्या दोन चौकांत मी अप्रतिम थिजलो. तिसऱ्यात हात बधिर झाला, चौथ्यात मानेवर डास बसला आणि पाचव्या चौकात बेळगावच्या जनतेनं सय्यद बंडाला तलवारीच्या मुठीनं मान खाजवताना पाहिलं. जिवा महाला दात न हलवता म्हणाला, ‘‘हात वर कर बे, मी तोडणार काय मग?’’ पण एकाही माणसानं ‘हे काय चाललंय, पुढं काय होणार’ असं विचारलं नाही. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. गोष्ट बघणाऱ्याच्या पोटात आधीच होती, आम्ही फक्त तिला जागं करत होतो. पॅरिसवाल्याची घरची हकिकत आईला माहीत असती, तर तीही निवांत झोपली असती.

हे शहाणपण मला त्या संध्याकाळी कुंदा हातात असताना सुचलं, पण उपयोग काय? फोटो द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी दहाला संपत होती.

कुंदा मी ओट्यावर ठेवला. आईला साखर आहे. डॉक्टरांनी तिला गोड बंद केलंय आणि ते बंद ठेवण्याचं खातं बायकोकडं आहे. मी बाहेरच्या खोलीत कॅमेरा पुसत बसलो असताना स्वयंपाकघरातून काहीच आवाज आला नाही. आमच्या घरात आवाज न येणं ही घटना असते. मी दाराच्या फटीतून पाहिलं. आई मागच्या खिडकीपाशी पाटावर बसली होती. पुढ्यात कुंद्याचा डबा होता आणि तो रिकामा होता. शेवटचा घास मोठा घेतला गेला होता बहुतेक, कारण तेवढ्यात परसात भाकऱ्या करणाऱ्या बायकोची चाहूल लागली आणि आईला ठसका आला. तिनं पदर तोंडाशी दाबला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. परसदारातून बायकोचा उलथनं धरलेला हात आत आला, आणि माझं बोट आपोआप दाबलं गेलं.

शटर पाचशेवरच होतं, त्यामुळं खोली फोटोत काळोखी आली. खिडकीच्या उजेडात आईचा अर्धा चेहरा, रिकाम्या डब्याची कड आणि तो हात, एवढंच उमटलं. मला वाटलं, बिघडला. भाचा मात्र बराच वेळ गप्प बसून म्हणाला, ‘‘मामा, हाच द्यायचा.’’ मीही दिला. चोरी, पुरावा आणि येणारा न्याय, सगळं एकाच चौकटीत. माझ्या मते तो घरातला सर्वांत हसरा फोटो होता.

परीक्षक बाहेरगावचे आणि नामवंत होते. उत्तेजनार्थ बक्षीस देताना त्यांचा आवाज जड झाला. ‘‘भुकेली वृद्धा,’’ ते म्हणाले, ‘‘पदरात दाबलेला हुंदका, रितं भांडं आणि चेहरा नसलेला तो क्रूर हात. छायाचित्रकारानं अंधार किती जबाबदारीनं वापरलाय बघा.’’ पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे टिपले. तिसरीनं वळून माझ्या बायकोकडं पाहिलं. बायकोच्या हातात नेमक्या त्याच बांगड्या होत्या.

मी उठून बोलणार होतो, पण भाच्यानं शर्ट ओढला. ‘‘खुलासा करायचा नाही, मामा. बाद होईल.’’

फोटो पाच दिवस मंडपात, गणपतीच्या डाव्या हाताला टांगलेला होता. तेवढ्यात आख्ख्या गल्लीनं दर्शन घेतलं. किराणा दुकानात बायकोला पीठ देताना दुकानदारानं ‘‘घरात सगळ्यांना पुरतंय न्हवं?’’ असं विचारलं. भजनातल्या बायका तिच्याशी भजनापुरतंच बोलू लागल्या. समोरच्या कानडी काकू पूर्वी कधीतरी यायच्या, त्या आता रोज दुपारी फाटकातून ‘‘ऊटा आत्री, अज्जी?’’ असं विचारून जेवण झाल्याची खात्री करू लागल्या, आणि अज्जी जमेल तितक्या बारीक आवाजात ‘‘आतु, आतु’’ म्हणू लागली. ‘झालं’ हा शब्द इतका पोरका वाटू शकतो हे मला माहीत नव्हतं.

मग डबे सुरू झाले. कुणी खीर आणली, कुणी रव्याचे लाडू. एकीनं गोकाकहून आलेला करदंट दिला आणि अर्धा किलो कुंदा तर तिघींनी आणला. प्रत्येक डबा आईच्या हातात, सुनेला ओलांडून. बायकोनं साखर तपासायला लावली, आकडा बघितला आणि मला म्हणाली, ‘‘अहो, मंडळात जाऊन सांगून या तरी, काय झालं होतं ते.’’

‘‘नियम आहे.’’

‘‘बक्षीस परत करा.’’

बक्षीस स्टीलचा डबा होता आणि त्यात त्या वेळी कुंदा होता.

काल संध्याकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो. फाटकाची कडी वाजली. आईनं पाट खिडकीपाशी सरकवला, पदर तोंडाशी नेला, वर बघितलं आणि माझ्यावर खेकसली, ‘‘लाईट बंद कर की रे आधी!’’