‘फोटो काढून निघून जातात’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपत्तीनंतरच्या पुनर्वसनात स्वयंसेवी संस्थांनी काय केलं, या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलंत, आभार. आधी चूक कबूल करतो. मदतकार्याच्या किमान निकषांची स्फिअर पुस्तिका १९९७ची, असं मी लिहिलं होतं. काम १९९७ मध्ये सुरू झालं, पहिली आवृत्ती २००० मध्ये निघाली. आपलं बरोबर आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता त्या वाक्याबद्दल. ‘या संस्था फोटो काढायला येतात, कॅमेरे गेले की निघून जातात, आणि तुमच्यासारखे लोक घरात बसून त्यांची आरती ओवाळतात.’ मतभेद जरूर असावेत, पण ही कुठली भाषा? ज्या माणसाला आपण कधी भेटलाही नाहीत, तो कुठे बसला होता हे आपल्याला कुणी सांगितलं?

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. तिसऱ्या दिवशी तिथे पोचलो. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं होतं. सुरुवातीचे दिवस ढिगारे उपसण्यात गेले. तेव्हा कॅमेरे होते, हे खरं. महिन्याभरानं नव्हते. मी होतो. पुढचं दीड वर्ष पत्र्याच्या शेडमध्ये बसून लोकांचे अर्ज लिहिले. कुणाच्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला नाही, कुणाचं नाव यादीत चुकलेलं, कुणाच्या सातबाऱ्यावर अजून सासऱ्याचंच नाव. कागद नसेल तर घर मिळत नाही, आणि कागद आणायचा कसा हे घरातली कर्ती माणसं गेलेल्या बाईला कोण सांगणार? संस्थेचे कार्यकर्ते तिच्याबरोबर तहसील कचेरीत जायचे, चार-चार वेळा. त्याचा फोटो कुणी काढत नाही. त्यात काढण्यासारखं काही नसतंच.

आणि ‘येतात’ हा शब्दही मला मान्य नाही. कच्छमध्ये तिथल्या संस्था १९९८च्या चक्रीवादळानंतर ‘अभियान’ या नावाने एकत्र आल्या होत्या. २६ जानेवारी २००१ला भूकंप झाला तेव्हा त्यांना कुठून यावं लागलं नाही, त्या तिथेच होत्या. त्यांनी गावांच्या गटांसाठी सेतू केंद्रं उघडली. सरकारी योजना काय आहे, पुढचा हप्ता कधी मिळेल, नुकसानीच्या पाहणीत अन्याय झाला तर तक्रार कुठे करायची, हे लोकांना तिथे कळायचं. घरमालकाने स्वतः घर बांधायचं, सरकारने टप्प्याटप्प्याने पैसे द्यायचे, आणि भूकंपात टिकणारी भिंत कशी उभारायची हे गवंड्यांना शिकवायचं, अशी ती रचना होती. ते शिकवण्यात संस्थांचा मोठा हात होता. गवंडी शिकला की संस्था गेली तरी त्याचं कसब गावात राहतं. आपण याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

भूमिपूजन करून परत न फिरकलेली एक संस्था मीही पाहिली आहे. तिच्यावर मी आपल्यापेक्षा जास्त चिडलो होतो, कारण त्या गावकऱ्यांना तोंड मला द्यावं लागत होतं. पण तिच्यावरून सगळ्यांना एकाच काठीने झोडपायचं?

आपले बाकीचे मुद्दे, म्हणजे प्रशासकीय खर्चाची टक्केवारी, वस्तूंऐवजी रोख रक्कम द्यावी की नाही, ‘हे सरकारचंच काम’ वगैरे, त्यांत आज शिरत नाही. हिशोब हवा असेल तर संस्थांकडे मागा, मी त्यांचा लेखापाल नाही. त्सुनामीनंतर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते, मान्य. ते कुणाच्या कपाटातून आले होते, याचाही विचार करा.

पुन्हा लिहाल तेव्हा ‘तुमच्यासारखे’ हा शब्द वगळून लिहा. मी वाचेन आणि उत्तरही देईन.