‘दोन गमीज म्हणजे ताटभर जेवण’? अजिबात नाही

धायरीतल्या माझ्या धाकट्या बहिणीने एक मेसेज पुढे ढकलला आणि खाली विचारलं, "ताई, मागवू का गं?" सोसायट्यांच्या ग्रुपांवर तो सगळीकडे फिरतोय. मूल जेवायला नखरे करत असेल तर रोज दोन व्हिटॅमिन गमीज (जीवनसत्त्वं घातलेल्या, जेलीसारख्या चघळायच्या गोळ्या) द्या, ताटभर जेवणाचं पोषण मिळतं. भूक वाढते, उंची वाढते. साखर नाही. सगळं नैसर्गिक आहे, त्यामुळे चार जास्त खाल्ल्या तरी घाबरू नका, जास्तीचं लघवीतून निघून जातं. शेवटी ‘पुण्यातल्या नामांकित बालरोगतज्ज्ञांचा सल्ला’. तज्ज्ञांचं नाव अर्थातच नाही.

लघवीचा मुद्दा आधी घेते. बाकीचे दावे नुसते फोल आहेत, हा घातक आहे.

ब गटातली जीवनसत्त्वं आणि क यांच्याबद्दल ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण अ, ड, ई, के ही स्निग्ध पदार्थांत विरघळतात आणि अंगात साठून राहतात. पुरावा हवा असेल तर मुलाचं लसीकरणाचं कार्ड काढा. महापालिकेच्या दवाखान्यात, अंगणवाडीत ‘अ’चा डोस चमच्याने पाजतात: नऊ महिने पूर्ण झाल्यावर 1 लाख युनिट, मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख, एकूण 9 डोस. सहा महिन्यांतून एकदाच का? कारण ते यकृतात साठतं आणि शरीर ते पुरवून पुरवून वापरतं. जास्तीचं लगेच लघवीतून जात असतं तर हा सगळा कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी गटारात गेला असता!

आता या डोसांवर रोजच्या गमीज चढवा. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीतही बहुतेक वेळा अ आणि ड असतातच. बेरीज कोण करतंय? रेटिनॉलच्या, म्हणजे तयार रूपातलं ‘अ’ रोज किती घ्यावं याची वरची मर्यादा 1 ते 3 वर्षांच्या मुलाला 600 मायक्रोग्रॅम आहे, 4 ते 8 वर्षांच्या मुलाला 900. (गाजर-भोपळ्यातलं बीटा कॅरोटिन वेगळं, त्याची ही भीती नाही.) दोन गमीजने मर्यादा ओलांडेलच असं मी म्हणत नाही. पण ‘चार जास्त चालतात’ असं आईला सांगितलं की बरणी ओट्यावर उघडी राहते, आणि ज्याला ती लिमलेटच्या गोळीसारखी लागते तो पोरगा स्टूल ओढून वर चढतो. ‘ड’ फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं: उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, मूत्रपिंडावर ताण. अशा वेळी आई म्हणणार, पोट बिघडलंय.

बहिणीच्या शेजारणीकडची बरणी मी हातात घेऊन पाहिली. पुढे हसरं अस्वल. मागे, फोनने मोठं करून वाचावं लागेल अशा अक्षरांत, ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, आणि त्याखाली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. अशा पूरक पदार्थांवर औषधी वापरासाठी नसल्याचं छापणं आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत बंधनकारक आहे. बरणी स्वतः हे सांगते आणि मेसेज डॉक्टरांच्या नावाने ती खपवतो.

ताटभर जेवण म्हणे! एक गमी दोन-तीन ग्रॅमची. त्यात ग्लुकोज सिरप किंवा साखर, जिलेटिन किंवा पेक्टिन, रंग, स्वाद आणि चिमूटभर जीवनसत्त्वं. वरण-भात-पोळीतली ऊर्जा, प्रथिनं, चोथा यांतलं काही नाही. आणि लोह? बहुतेक गमीजमध्ये ते नसतंच, कारण चव बिघडते. इथे तर खरी मेख आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांची देशातली 67.1 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. म्हणजे न जेवणाऱ्या पोराला ज्याची सगळ्यात जास्त चणचण, नेमकं तेच बरणीत नाही. लोहाचं सिरप मात्र सरकारी योजनेत फुकट मिळतं. त्याच्यावर अस्वल नाही, म्हणून ते कोणी फॉरवर्ड करत नसावं.

भूक आणि उंचीबद्दल फार लिहीत नाही. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, पुढे वर्षाला जेमतेम दोन किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. त्यात दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध आणि संध्याकाळी सहाला बिस्किटं, मग आठला पोळी कोण खाणार? कमतरता नसलेल्या मुलाची उंची गमीने वाढत नाही.

साखर नाही म्हणतात, तर घटकांची यादी वाचा. बिनसाखरेच्या असतील तर त्यात साखरेऐवजी घातलेल्या सॉर्बिटॉल-माल्टिटॉलने जुलाब होऊ शकतात. चार वर्षांच्या आतल्या मुलाला तर देऊच नका, घशात अडकू शकते.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, नाइलाजाने. ड आणि बी-12 आपल्याकडे खरोखर कमी असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून आसपासच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात जवळपास दोन तृतीयांश जणींचं बी-12 कमी होतं. शाकाहारी घरातल्या, दूध-दह्यालाही हात न लावणाऱ्या मुलाला ते बाहेरून लागू शकतं. पण किती आणि किती दिवस, हे तपासून ठरवायचं असतं. अस्वलाच्या बरणीवर नाही.

बहिणीला मी एवढंच लिहिलं: मागवू नकोस. भाचा वजनाने वाढतोय, खेळतोय, दहा-बारा पदार्थ खातो. भेंडी नाही खाल्ली तर नाही. दूध कमी कर, बिस्किटं बंद कर, तीच भाजी पुन्हा पुन्हा थोडी ताटात वाढ, आग्रह करू नकोस. वजन थांबलं, घास घशाशी येऊन ओकाऱ्या यायला लागल्या, किंवा चार-पाच पदार्थांपलीकडे तो जाईना, तर डॉक्टरकडे ने. नाव असलेल्या.