ऑटेकरची रेडिओ सेशन्स : ‘गायकवाड’चा उल्लेख हवाच होता

ऑटेकर या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक म्युझिकवाल्या जोडीवरचा लेख आवडला पण त्यांची पील सेशन्स (जॉन पीलच्या रेडिओ शोसाठी केलेली रेकॉर्डिंग्ज) म्हणजे फक्त कट्टर फॅन लोकांसाठीच्या गोष्टी असं जे लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. मी तर उलट सांगेन, नवीन माणसाने तिथूनच सुरुवात करावी. बीबीसी रेडिओ १ वर डीजे जॉन पील १९६७ पासून २००४ पर्यंत होता, त्याच्याकडे बँडवाले साधारण एका दिवसात तीन-चार ट्रॅक रेकॉर्ड करून मोकळे व्हायचे, मग घासूनपुसून गुळगुळीत करायला वेळच नाही, आणि मशिनवर बनवलेल्या म्युझिकला ती घाई फार शोभते, जिवंत वाटतं एकदम.

आणि एक गोष्ट राहिलीच की! १९९९ च्या दुसऱ्या सेशनमधल्या ट्रॅक्सना ऑटेकरच्या शॉन बूथ आणि रॉब ब्राऊनने नावंच दिली नव्हती, ती पीलने स्वतः ठेवली, आणि त्यातल्या एकाचं नाव चक्क ‘गायकवाड’ आहे!! मँचेस्टरकडची दोन पोरं, ब्रिटिश रेडिओ आणि आपलं आडनाव. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्री हेडफोन लावून तो ट्रॅक सलग चार वेळा ऐकला होता. प्लीज लेखात ॲड करा हे.