आपला वार कुठला?

परवा आमच्या इथल्या मराठी मंडळातून फोन आला. पुढच्या वर्षभराचे कार्यक्रम ठरवताहेत. "ताई, दिवाळीला आपण पण तुमच्या सिनेगॉगसारखा फूड ड्राइव्ह करू या का? बॅनर करतो, मुलांच्या हातून डबे द्यायचे, फोटोही छान येतील." मी विचारलं, जुलैत कराल का? पलीकडे जरा शांतता. मग, "जुलैत सगळे इंडियाला असतात हो."

फोन ठेवला तेव्हापासून डोक्यात चाललंय ते लिहून काढते. लांबेल, आधीच सांगते.

जे नव्याने यादीत आलेत त्यांच्यासाठी: मी ठाण्याची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. (नाही, ख्रिश्चन नाही. हो, घरात मराठीच.) शार हाशामाईम, ते १८७९ सालचं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, तिथे लहानपण गेलं. आजी त्याला मशीदच म्हणायची. आता बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे, आणि इथल्या आमच्या सिनेगॉगमध्ये धान्य-डबे गोळा करायचं काम नऊ वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं. आमचं सगळं सामान गावातल्या फूड पॅन्ट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट अन्न वाटतात तिथे, जातं. ती एका चर्चच्या तळघरात आहे आणि चालवणारी माणसं सगळ्या धर्मांची. घेणारी घरं गावातलीच. कोणाचा नवरा बांधकामावर, कोणी म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेला जाणारी, कोणी पेन्शनवरचे आजोबा.

आमच्याकडे दानाला पूर येतो तो एकाच वेळी. रोश हाशानाला, म्हणजे नव्या वर्षाला, दारातच खाकी कागदी पिशव्या वाटतात. दहाव्या दिवशी योम किप्पुर, प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस. उपवास सुरू होतो त्या संध्याकाळी प्रार्थनेला येताना प्रत्येक घर आपली पिशवी भरून आणतं. दुसऱ्या दिवशी सकाळी यशाया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा ५८वा अध्याय वाचतात. त्याचा रोख असा की भुकेल्याला भाकर वाटून दिली नाहीत, तर हा कसला उपवास! पोटात आग पडलेली असताना ते ऐकू येतं आणि बाहेर व्हरांड्यात पिशव्यांची रांग खिडकीपर्यंत गेलेली असते. खोटं कशाला बोलू, दर वर्षी भरून येतं.

आमच्या कोकणातल्या लोकांत योम किप्पुरला दारफळणीचा सण म्हणतात आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी असतो शिळा सण. त्या दिवशी गरिबांना द्यायचं आणि मग एकमेकांकडे भेटायला जायचं. आजी सकाळीच तांदूळ मापून ठेवायची आणि मापावरची शीग कधी हाताने सपाट करायची नाही.

आता प्रश्न असा की ही शीग पुरते कुठवर. त्यानंतर थँक्सगिव्हिंग येतं, नाताळ येतो, शाळा, चर्च, बँका, सगळ्यांनाच एकदम गरीब आठवतात. डिसेंबरात पॅन्ट्रीवाले म्हणतात, बायांनो, जरा थांबा, ठेवायला जागा नाही. जानेवारीपासून ओहोटी. आणि जुलैत आमच्या सिनेगॉगच्या दाराशी जे मोठं पिंप ठेवलेलं असतं, त्याच्या तळाला मी एका रविवारी काय पाहिलं सांगते: क्रॅनबेरी सॉसचा एक डबा, तारीख उलटून तीन वर्षं झालेली. आर्टिचोकची एक महागडी बाटली. आणि पोर्क अँड बीन्सचा डबा. सिनेगॉगच्या पिंपात! कोणी टाकला ते अजून कळलेलं नाही, पण माझा एका माणसावर संशय आहे.

जुलै का महत्त्वाचा? कारण शाळा बंद. इथे गरीब घरातल्या मुलांना शाळेत दुपारचं जेवण फुकट किंवा अगदी कमी पैशांत मिळतं, १९४६ पासूनचा कायदा आहे. पुष्कळ शाळांत सकाळची न्याहारीही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात हे सगळं बंद होतं आणि दोन मुलांच्या आईवर आठवड्याला दहा जेवणं, दहा न्याहाऱ्या वाढीव येऊन पडतात. २०२४ पासून उन्हाळ्यासाठी मुलामागे १२० डॉलर सरकार देतं, ते चांगलंच आहे. पण अडीच महिन्यांना भागून बघा. आणि नेमके तेव्हाच देणारे लोक समुद्रावर, युरोपात, नाहीतर इंडियाला.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे: देण्याची इच्छा सगळ्यांकडे आहे, भरपूर आहे. तिला वार नाही.

वार हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. आमच्याकडे एक आजोबा येतात, नव्वदीला टेकलेले. एकदा डबे लावता लावता म्हणाले, माझे आजोबा लिथुआनियात येशिवात, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेत, शिकायचे, तेव्हा ते 'दिवस खायचे'. यिद्दिशमध्ये म्हणतात 'एसन टेग'. म्हणजे काय, तर गरीब विद्यार्थ्याने सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. मी हातातला डबा खाली ठेवला. म्हटलं, अहो, हे तर आमचं वार लावून जेवणं! पुण्याला शिकायला आलेली किती मुलं अशीच वाढली. त्यांना पटेना. लिथुआनिया कुठे, सदाशिव पेठ कुठे.

मग दोघांनी ताळा केला. दोन्हीकडे शिळंपाकं वाढणारी घरं होती, तोंड वाकडं करणाऱ्या बायका होत्या, एखाद्या वारी घरच न मिळाल्यामुळे उपाशी राहणारी मुलं होती. त्या काळाचे गोडवे गायची गरज नाही. पण एक गोष्ट त्यात होती. ज्या घराचा मंगळवार, त्या घराला मंगळवारी तो मुलगा येणार हे ठाऊक असायचं. घरात पाहुणे असोत, भांडण असो, एक ताट जास्तीचं मांडायचं. आज मला द्यावंसं वाटतंय का, हा प्रश्नच नाही.

त्या वर्षी मी समितीपुढे मांडलं की आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून घरांचे बारा गट पाडू, प्रत्येकाला एक महिना, आणि त्या महिन्यात काय आणायचं तेही आपणच सांगायचं. पीनट बटर म्हणजे पीनट बटर. ज्याचा जुलै त्याने सीरियल आणि न नासणाऱ्या दुधाचे खोके. आपल्याला आवडतं, विक्रीला स्वस्त होतं, घरात पडून आहे, यातलं काही चालणार नाही. विरोध झाला. एका बाईंनी तर विचारलं, म्हणजे माझ्या मनासारखं मी देऊच शकत नाही का? मी म्हटलं, नाही. (जरा जास्तच तुटकपणे म्हणाले असेन.)

हा 'नाही' मी कुठे शिकले ते सांगते. कामाच्या पहिल्याच वर्षी हायवेलगतच्या एका मोटेलात पिशव्या पोचवायला गेले होते. इथे भाड्याचं घर सुटलेली कुटुंबं आठवड्याच्या बोलीवर मोटेलात राहतात. एक खोली, दोन पलंग, एक मायक्रोवेव्ह. मी ऐटीत सहा पिशव्या उतरवल्या. राजमा, टोमॅटो, सूप, टूना, सगळे पत्र्याचे डबे. त्या बाईने आभार मानले, एक डबा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि अगदी संकोचून विचारलं, "तुमच्याकडे डबा उघडायचं काही आहे का?" नव्हतं. एकाही डब्याला ओढायची कडी नव्हती. तिचा मुलगा पलंगावर बसून माझ्याकडे बघत होता. मी गाडी काढून दुकानात गेले, ओपनर घेऊन आले, आणि घरी परतताना सगळा रस्ता स्वतःला शिव्या घालत होते.

मात्झाचंही तसंच. पेसाखच्या सणाला आठ दिवस खमीर चालत नाही म्हणून आम्ही त्या बिनखमिराच्या कोरड्या पोळ्यांच्या चवडी आणतो, आणि नवव्या दिवशी उरलेल्या सगळ्या पिंपात येतात. एका वर्षी पॅन्ट्रीतली बाई मला म्हणाली, आमच्या लोकांना हे काय आहे तेच कळत नाही, ते पाहुण्याला द्यायचं बिस्कीट समजतात. मला हसू आलं, पण शरमही वाटली. त्यांना काय हवं होतं? आम्ही कधी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर कळलं की ग्वातेमाला आणि मेक्सिकोकडची घरं बरीच आहेत आणि त्यांना हवं असतं मासा. मासा म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, त्याच्या ते भाकऱ्या करतात. (मासा नावाचं पीठ! कोकणातल्या माणसाला सांगून बघा.) आपल्याला कोणी दर आठवड्याला चीज-मॅकरोनीचे खोके दिले आणि तांदूळ दिलाच नाही तर कसं वाटेल?

दुसरा वाद होतो तो चौकशीचा. घेणारे खरंच गरजू आहेत का, आयफोन घेऊन येतात, गाडीतून येतात, वगैरे. गाडीशिवाय इथे दूधही आणता येत नाही, ते सोडा. पण हा वाद जुना आहे, तालमूद या आमच्या जुन्या धर्मग्रंथातही आहे. तिथे राव हुना नावाचे एक पंडित म्हणतात, अन्न मागणाऱ्याची चौकशी करा, वस्त्र मागणाऱ्याची नको. दुसरे पंडित राव येहूदा म्हणतात, उलट. वस्त्रासाठी चौकशी करा, भूक लागली म्हणणाऱ्याला आधी द्या. पुढे धर्मशास्त्राने येहूदांचं धरलं. चौकशीवर तासभर बैठक चालली की मी हे एकदा म्हणते आणि कॉफी आणायला उठते.

त्या जुन्या लोकांची व्यवस्था मला फार आवडते, कारण तिच्यात उमाळा कमी आणि हिशोब जास्त आहे. गावात दोन सोयी असायच्या. 'तमखुई' म्हणजे रोजचं शिजलेलं अन्न, आणि 'कुप्पा' म्हणजे दर शुक्रवारी वाटायचा आठवड्याचा निधी. मिश्नात, म्हणजे तालमूदच्या सगळ्यात जुन्या भागात, नियमच आहे: ज्याच्याकडे दोन वेळचं आहे त्याने तमखुईतून घेऊ नये, ज्याच्याकडे चौदा वेळचं आहे त्याने कुप्पातून घेऊ नये. चौदा वेळा, म्हणजे दिवसाला दोनदा धरून आठवडा! कुप्पाचे पैसे दोघांनी मिळून गोळा करायचे आणि तिघांनी मिळून वाटायचे. अठराशे वर्षांपूर्वीच्या या मंडळींना आमच्या समितीचा स्वभाव ठाऊक असावा.

पैसे की डबे, यावर मात्र माझं मत डळमळतं. हिशोबाने पैसेच बरे. फूड बँक घाऊक भावाने घेते, तुम्ही दुकानातून एक डबा आणता त्या पैशांत तिच्याकडे कितीतरी जास्त येतं. स्नॅप म्हणून अन्नासाठी सरकारी मदत मिळते, माणशी दिवसाला साधारण ६ डॉलर, पण त्यातून साबण, डायपर, सॅनिटरी पॅड घेता येत नाहीत. ते घ्यायला रोख लागते. मी हे सगळं सांगितलं तेव्हा आमच्या रब्बींनी (म्हणजे धर्मगुरूंनी; बाई आहेत, आजी चक्रावली असती) मला तालमूदमधल्या मार उक्वाची गोष्ट ऐकवली. हा शेजारच्या गरिबाच्या दाराच्या खाचेत रोज गुपचूप चार नाणी ठेवायचा. एक दिवस त्या गरिबाने ठरवलं, आज बघायचंच कोण ते. मार उक्वा आणि त्याची बायको पळाले आणि तोंड दिसू नये म्हणून नुकत्याच विस्तव काढलेल्या भट्टीत शिरले. त्याचे पाय पोळायला लागले. बायकोचे नाहीत. ती म्हणाली, माझ्या पायांवर पाय ठेव. कारण काय, तर ती घरी असते, भुकेल्याला तयार अन्न देते, त्याला पुढे बाजारात जावं लागत नाही.

मी काय बोलणार? पण मला त्या गोष्टीत भट्टीच जास्त आठवते. आपलं तोंड घेणाऱ्याला दिसू नये म्हणून हे दोघं भट्टीत शिरले आणि आपण बॅनर धरून फोटो काढतो. आमच्याकडे फोटो बंद आहेत, पिंपाचेसुद्धा.

शेवटी दोन्ही ठेवलं. ज्यांना जमतं त्यांच्या खात्यातून दर महिन्याला थोडे पैसे आपोआप जातात, आणि डबेही येतात, कारण रविवारी हिब्रू शाळेची मुलं तारखा वाचून ते लावतात. पैशांनी त्यांना काही कळलं नसतं. एक सात वर्षांचा मुलगा आहे, तो प्रत्येक डब्याची कडी ओढून खात्री करू बघतो. दोन उघडलेसुद्धा.

गेल्या वर्षी परीक्षा झाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून केंद्र सरकारचं कामकाज अडलं आणि नोव्हेंबरचे स्नॅपचे पैसे लटकले, देशभरातल्या सुमारे ४ कोटी २० लाख लोकांचे. त्या दोन आठवड्यांत आमच्या पिंपाशेजारी आणखी चार पिंपं ठेवावी लागली. रात्री दहाला लोक घंटा वाजवून पिशव्या देत होते. १२ नोव्हेंबरला सगळं सुटलं. डिसेंबरच्या गटाला मी आठवण केली तर एक गृहस्थ म्हणाले, "पण ते मिटलं ना आता?" अहो, ते मिटलं. भूक त्याच्या आधीपासूनच होती.

मंडळातल्या त्या दादाला मी सांगितलं, बॅनर नको. मला बारा घरं दे. एकेकाने एकेक महिना घ्यायचा आणि मी सांगेन ते आणायचं, सलग तीन वर्षं. तो म्हणाला, विचारतो.

काल रात्री त्याचा मेसेज आला. अकरा घरं मिळालीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी तर भांडणं झाली म्हणे. जुलै कोणी घेत नाहीये.