सगळा दोष हार्मोन्सवर नको

बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं ‘मुख्य कारण हार्मोन्समधला चढउतार’ असं तुमच्या या विषयावरच्या लेखात म्हटलंय, ते अर्धंच आहे. हा चढउतार तर प्रत्येक बाळंतिणीत होतो, मग आजारी काहीजणीच का पडतात? मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या मातांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना त्यातल्या सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं. पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणं या गोष्टींचा त्याच्याशी संबंध दिसला. शिवाय नैराश्य आढळलेल्या बहुतेकींना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झाला होता. म्हणजे बाळंतपणानंतर हार्मोन्स एकदम खाली येण्याच्या आधीपासूनच.

माझ्या धाकट्या बहिणीला दुसरी मुलगी झाली तेव्हा घरात कुणी वाईट बोललं नाही, पण पेढेही वाटले नाहीत. ती महिनाभर रडत होती. बाळ शेजारी झोपलेलं असायचं तरी हिला झोप यायची नाही. आम्ही डिंकाचे लाडू, शेकशेगडी सगळं वेळेवर केलं, पण तुला कसं वाटतंय हे कुणी विचारलं नाही. पहिले दोन आठवडे रडू येणं बऱ्याचजणींना होतं, त्यापुढे गेलं की डॉक्टरांना दाखवायला हवं, आणि थायरॉईडही तपासायला हवा, हे लेखात यायला हवं होतं. सहाव्या आठवड्याच्या लसीला बहुतेक ठिकाणी आई बाळासोबत येतेच. हे नैराश्य ओळखायला वापरतात त्या एडिनबरा प्रश्नावलीत फक्त दहा प्रश्न आहेत, ते तिथेच विचारा ना.