परदेशातून: राहते इंग्लंडात, पण सायकल किलोमीटरमध्येच

तिकडे भारतात माझ्या सायकलवाल्या मित्रमंडळींमध्ये सध्या एक वाद जोरात आहे, शंभर किलोमीटरची राइड मारली तर ती सेंच्युरी धरायची की नाही. एका गटाचं म्हणणं असं की जगात खरी सेंच्युरी शंभर मैलांची, म्हणजे १६०.९ किलोमीटरची, आणि आपण शंभर किलोमीटरवर थांबतो ही पळवाट आहे. काहींनी तर अ‍ॅपचं सेटिंगच मैलांवर टाकलंय, कारण ट्रेनिंगचे प्लॅन मैलांत येतात, व्हिडिओवाले मैलांत बोलतात, आणि मैलांत लिहिलं की कसं इंटरनॅशनल वाटतं. मग मला विचारतात, तू तर मैलांच्या देशात राहतेस, आता तूच सांग. तर सांगते. इतकी वर्षं मी इंग्लंडच्या रस्त्यांवर सायकल चालवतेय, माझ्या हँडलवरच्या कॉम्प्युटरमध्ये पहिल्यापासून किलोमीटरच आहेत, आणि तुम्हीही ते बदलू नका असं माझं ठाम मत आहे.

एक तर हा ‘मैलांचा देश’ तिकडून वाटतो तेवढा मैलांचा नाहीये. रस्त्यावरच्या पाट्या आणि स्पीड लिमिट मैलांत आहेत, हे खरं. पण ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा नकाशा उघडा, त्यावरचा एकेक चौकोन एक किलोमीटरचा आहे, कंटूरच्या, म्हणजे समान उंचीच्या, रेषा मीटरमध्ये आहेत, रूट आखताना चौकोन मोजत गेलं की अंतर हातात येतं. चढाच्या पाटीवर पूर्वी ‘चारास एक’ असं असायचं, आता टक्के असतात. २०२२ मध्ये इथला हायवे कोड, म्हणजे रस्त्यावर कसं वागायचं त्याची नियमावली, बदलला, त्यात सायकलला ओव्हरटेक करण्याचा नियम असा आहे की ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाने जाताना किमान दीड मीटर अंतर सोडा, वेग जास्त असेल तर आणखी सोडा. म्हणजे एकाच वाक्यात मैल पण आले आणि मीटर पण. ई-बाइकची मोटर ताशी साडेपंधरा मैलांच्या पुढे मदत करता कामा नये असाही नियम आहे, आता हा साडेपंधराचा आकडा आला कुठून, तर ताशी २५ किलोमीटरचं रूपांतर करून!

हे असं अर्धवट का राहिलं त्याचं कारण सरळ आहे. ब्रिटिश सरकारने १९६५ मध्ये मेट्रिककडे जायचं ठरवलं, १९६९ मध्ये त्यासाठी बोर्ड नेमलं, १९७३ मध्ये रस्त्यांच्या पाट्या बदलायच्या होत्या. पण १९७० मध्येच ते पुढे ढकललं, पुढची तारीख काही दिली नाही, आणि १९८० मध्ये बोर्डही गुंडाळलं. शेजारी आयर्लंडने २००५ च्या जानेवारीत सगळी स्पीड लिमिटं किलोमीटरमध्ये आणली, त्यामुळे आता नॉर्दर्न आयर्लंडची हद्द ओलांडली की पाटीवरचं एकक बदलतं.

आणि आपल्याकडे? १९५६ ला कायदा झाला, १९५७ ला नवे पैसे आले, १९५८ पासून वजनं-मापं टप्प्याटप्प्याने बदलायला लागली आणि १९६२ पर्यंत मण, शेर बाजारातून कायद्याने बाद झाले. एवढा मोठा देश, एवढी कमी साक्षरता, प्रत्येक भागाचा शेर वेगळा, आणि तरी हे काम पाच-सहा वर्षांत उरकलं. मला याचा खूप अभिमान वाटतो, आणि इथला गोंधळ रोज बघितल्यापासून जास्तच वाटायला लागलाय. आपल्याकडेही उंची फुटांत, फ्लॅट स्क्वेअर फुटांत, शेत एकरात चालतं, ते मला मान्य आहे. पण रस्ता आपला पूर्ण किलोमीटरचा आहे, आणि सायकल रस्त्यावरच चालते ना.

आपल्या हायवेवरचा दगड आठवा. नॅशनल हायवे असेल तर पिवळ्या डोक्याचा, स्टेट हायवे असेल तर हिरव्या डोक्याचा, दर किलोमीटरला एक, मध्ये दर दोनशे मीटरला छोटे दगड, आणि पाचव्या किलोमीटरचा मोठा, त्यावर पुढच्या गावांची नावं. ताशी ३० ने जात असाल तर एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत दोन मिनिटं, दोनशे मीटरला चोवीस सेकंद. ताशी २० ला तीन मिनिटं, १५ ला चार. जीपीएसची बॅटरी गेली तरी मनगटावरचं घड्याळ आणि रस्त्याकडेचा दगड एवढ्यावर स्पीड कळतो. जिथे रुंदीकरणात दगड उडालेत तिथे प्रश्नच मिटला, पण जिथे आहेत तिथे यासारखी सोय मला इथे कुठे मिळालेली नाही. इथे गावातल्या आडरस्त्यांच्या तिठ्यावर जुना खांब असतो, त्याला हातासारख्या पाट्या, त्यावर गावाचं नाव आणि पुढे अडीच, पावणेचार असे मैल. दिसायला फार सुंदर असतात, पण ते पुढच्या गावापर्यंतचं अंतर, मधल्या रस्त्यात मोजायला काही नाही. गंमत म्हणजे मोटरवेवर दर शंभर मीटरला खुंट आहेत आणि त्यांवरचे आकडे चक्क किलोमीटरमध्ये आहेत, पण मोटरवेवर सायकलला बंदी.

पण माझं सगळ्यात मोठं कारण घाट हे आहे. समजा सहा किलोमीटरचा चढ आहे आणि त्यात ४२० मीटर उंची चढायचीय. किलोमीटरला सत्तर मीटर, म्हणजे सात टक्के, दमलेल्या डोक्याने सुद्धा हे एका सेकंदात होतं. आता हेच मैल-फुटांत करा, ३.७ मैल आणि १३७८ फूट, मैलात फूट ५२८०, करा भागाकार, तेही चढावर धापा टाकत. इथले बरेच जण अंतर मैलांत आणि चढ मीटरमध्ये ठेवतात, म्हणजे त्या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंधच राहत नाही. घाटात सगळा खेळ ताकद पुरवून वापरण्याचा असतो, अजून किती राहिलंय आणि ते किती तिखट आहे हे कळलं नाही तर मधल्या वळणावरच पाय संपतात. तिथे उपयोगी पडेल ते एकक चांगलं, एवढा साधा माझा हिशोब आहे.

बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांना तर हे वेगळं सांगायला नको. ३०० किलोमीटरला २० तास, ६०० ला ४० तास, म्हणजे बरोब्बर किलोमीटरला चार मिनिटं. २०० ला साडेतेरा आणि ४०० ला २७ तास, तिथेही चार मिनिटं धरली तर वर थोडी शिल्लकच राहते. पुढचा कंट्रोल, म्हणजे हजेरीचा थांबा, ३५ किलोमीटरवर असेल तर १४० मिनिटं, घड्याळ बघा आणि चहाला थांबायचं की नाही ते ठरवा. रात्री दोन वाजता हेडविंडमध्ये एवढंच गणित डोक्यात राहतं. फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही राइड १८९१ पासून चालू आहे, १२०० किलोमीटरची, आणि तिच्याशी जोडलेली ही सगळी पद्धत किलोमीटरची आहे, म्हणून इथे ब्रिटनमध्ये सुद्धा ऑडॅक्सचे, म्हणजे अशाच लांब राइडचे, इव्हेंट किलोमीटरमध्येच असतात, चढाचे पॉइंट पण दर हजार मीटरला एक. ट्रॅकवरही तेच. २०१५ मध्ये ब्रिटिश सायकलपटू ब्रॅडली विगिन्सने लंडनमध्ये तासाचा, म्हणजे एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा, रेकॉर्ड केला तो ५४.५२६ किलोमीटरचा. मग आपल्याकडच्यांनी शंभर मैल नाहीत म्हणून ओशाळायचं कशाला? शंभर किलोमीटर ही पूर्ण राइड आहे, तिच्यापुढे दोनशे आहे, तिच्यापुढे तीनशे आहे, मधली १६०.९ ही पायरी आपल्या जिन्यात नाहीच.

आता मैलांची बाजू. ती आहे आणि मला ती मनापासून आवडते. इथल्या टाइम ट्रायल, म्हणजे एकट्याने घड्याळाशी लावायच्या शर्यती, १०, २५, ५०, १०० मैलांच्या, नाहीतर १२ तास, २४ तासांत किती मैल अशा. ज्या वर्षी आपल्याकडे मेट्रिकचा कायदा झाला त्याच १९५६ मध्ये रे बूटी या इथल्या सायकलपटूने शर्यतीत शंभर मैल चार तासांच्या आत मारले, तोपर्यंत ते कुणालाच जमलं नव्हतं. आणि १९६७ मध्ये बेरिल बर्टनने बारा तासांत २७७.२५ मैल केले. पुरुषांमधला पहिला, माइक मॅकनमारा, त्याच स्पर्धेत पुरुषांचा रेकॉर्ड मोडत होता, आणि ही त्याला गाठून, ओलांडून पुढे गेली, जाताना त्याला लिकरिशची गोड गोळी ऑफर करून गेली. हे आकडे ४४६ किलोमीटर वगैरे करून सांगितले की त्यांच्यामागचे ते रस्ते, ते कोर्स, त्या माणसांनी एकमेकांशी लावलेली वर्षानुवर्षांची चुरस सगळंच निघून जातं. तिथे मैलच हवेत.

आर्थर एडिंग्टनचा नंबर हेही त्याचंच उदाहरण. एडिंग्टन म्हणजे १९१९ च्या ग्रहणात आइनस्टाइनचा सिद्धांत तपासणारा तो खगोलशास्त्रज्ञ, सायकलचा जबरदस्त शौकीन. त्याने स्वतःसाठी एक माप काढलं: निदान तेवढे मैल, निदान तेवढ्या दिवशी. म्हणजे पन्नास वेगवेगळ्या दिवशी पन्नास किंवा जास्त मैल केले असतील तर तुमचा नंबर पन्नास. आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरना तो पत्रांतून हा नंबर कळवायचा, एकदा लिहिलंय की ईस्टरमध्ये नशीबच वाईट, पावणेपंच्याहत्तर मैलांच्या दोन राइड झाल्या आणि दोन्ही धरता येत नाहीत. मृत्यूच्या वेळी त्याचा नंबर ८४ होता. ज्यांना मैल की किलोमीटर हा नुसता गुणाकाराचा प्रश्न वाटतो त्यांनी हे जरूर करून बघावं. पावणेपंच्याहत्तर मैल म्हणजे १२०.३ किलोमीटर, किलोमीटरमध्ये त्या दोन्ही राइड १२० साठी आरामात धरल्या गेल्या असत्या. पण पन्नास मैलांचा नंबर किलोमीटरमध्ये आपोआप ऐंशी होत नाही, कारण ऐंशीसाठी दिवसही ऐंशी लागतात. एकक बदललं की कुठली राइड महत्त्वाची ते बदलतं, पाव मैलासाठी परत वळून चक्कर मारायची की घरी जायचं ते बदलतं. म्हणूनच मी म्हणते की उगाच फॅशन म्हणून सेटिंग बदलू नका.

इथल्या क्लबमध्ये सगळे माझ्याशी मैलांत बोलतात आणि मीही त्यांना मैलांत उत्तर देते, त्यात काही अडत नाही. ५ मैल म्हणजे ८ किलोमीटर, ८ म्हणजे १३, १३ म्हणजे २१, २१ म्हणजे ३४, मागच्या दोनांची बेरीज करत गेलं की पुढचा आकडा येतो, पाटी वाचायला एवढं पुरतं. टायरमधली हवा मी पीएसआय या इंग्रजी एककातच बघते, पंपावरचा तो काटा डोळ्यात बसलाय आणि त्याचा अंतराशी काही संबंध येत नाही. पण टायर विकत घेताना मात्र मिलिमीटरच बघा बाबांनो, कारण २८ इंची म्हणून ६२२ मिलिमीटर रिमचाही टायर मिळतो आणि आपल्या जुन्या काळ्या सायकलचा ६३५ चाही, आणि एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही.

पुढची लंडन-एडिनबरा-लंडन ही लांब पल्ल्याची राइड करायला तुमच्यापैकी जे येणार आहेत त्यांनी कॉम्प्युटर आहे तसाच आणावा. रूट किलोमीटरमध्ये आहे, साधारण पंधराशे, वेळाही त्यावरूनच धरलेल्या असतात, फक्त रस्त्यावरच्या पाट्या मैलांच्या. आणि ज्यांना शंभर मैल करायचेच आहेत त्यांनी तिकडच्या राइडला साठ किलोमीटरचं शेपूट जोडण्यापेक्षा इथे या, एखाद्या क्लबमार्फत शंभर मैलांच्या टाइम ट्रायलला नाव द्या. वेळ मोजायला मी फिनिशला उभी राहीन.